न फाडलेलं पत्र

भगवंत मास्तराचा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. फिजीतल्या त्या उसाच्या वस्तीत विहीर नव्हती. खालच्या ओढ्यावरून कावड भरून चढण चढायची, पोरांच्या पाट्या पुसायच्या, टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके द्यायचे आणि तापकऱ्यांना कोयनेलच्या गोळ्या वाटायच्या. अमरावतीच्या एका संस्थेनं गिरमिटवाल्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, मुलांना शिकवायला त्याला तीन वर्षांसाठी बिनपगारी धाडलं होतं. भिक्षुकाचा मुलगा तो, त्याच्या खांद्याला कावड कुठून ठाऊक असणार?

"मास्तर, इतकं पानी तं आमच्या म्हशीनंबी सांडलं नसतं," पुंजाराम म्हणायचा आणि कावड काढून घ्यायचा.

पुंजाराम नांदगाव खंडेश्वरकडचा. बावीस वर्षांपूर्वी काम शोधत नागपूरला गेला, तिथे मजूर भरती करणाऱ्या आरकाट्यानं कागदावर अंगठा घेतला आणि बोटीत घातला. गिरमिट केव्हाच संपलं. हा मात्र तिथेच राहिला, उसासारखा, दरसाल तुटून पुन्हा त्याच खुंटाला फुटत.

रविवारी आंब्याखाली मास्तर सगळ्यांची पत्रं वाचून दाखवी. पहिल्याच पावसाळ्यात एकाच्या आईच्या मरणाचं पत्र आलं. मास्तरानं आपल्या घरच्या रीतीनं त्याला वस्तीबाहेर नेलं, पत्र वाचलं आणि तिथेच फाडून टाकलं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. तो माणूस ओढ्यावर अंघोळ करून परतला. तेव्हापासून वाचताना लोक मास्तराच्या तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. घडी पडली की खुशाली.

दुसऱ्या वर्षी पुंजाराम म्हणाला, "माह्या गावाले एक चिठ्ठी लिवा."

"इतकी वर्षं काहून नाही लिहिली?"

"लाज वाटे. बायकोले, सुभद्रेले, सांगतलं होतं, दिवायीले येतो. कोनती दिवायी, ते तिनं इचारलं नाही." तो हसला. "लिवा, का पुंजाराम जित्ता हाये. अन् येऊ का, ते इचारा."

उत्तर यायला पाच महिने लागले. आंब्याखाली पुंजाराम सर्वांत पुढे बसला होता. मास्तरानं आधी मनात वाचलं: 'बारा वर्षे वाट पाहिली. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून पुंजारामाच्या नावाने अग्नी दिला. सुभद्रेचा दुसऱ्याशी पाट लावला, तिला दोन लेकरे आहेत. तो जिवंत असला तरी त्याने येऊ नये. खुशालराव पाटील.'

पुंजाराम हातांकडे पाहत होता. हे पत्र कुणाचं म्हणून फाडायचं? मेलेला माणूस तर समोर उकिडवा बसलेला. मास्तराच्या बोटांनी आपल्या आपण घडी घातली.

"खुशाल आहेत सगळे."

"अन् ये म्हन्तेत?"

भगवंतची मान होकारानं हलली. बिचाऱ्याला आशेवर जगू द्यावं, एवढ्या लांब कशाला जातोय तो, असा त्याचा हिशेब.

पण मुदत संपून मास्तर परतायला निघाला, तेव्हा पुंजारामनं आपला उसाचा तुकडा शेजाऱ्याला देऊन टाकला आणि त्याच बोटीत नाव घातलं. ते पत्र त्यानं मेणकापडात गुंडाळून बंडीत ठेवलं होतं. बोटीवर रोज सकाळी भगवंत ठरवी, आज सांगायचं. रोज पुंजाराम ते मेणकापड चाचपून पाही आणि विचारी, "वयखीन ना सुभद्रा मले?"

बडनेऱ्याला उतरून त्यांनी बैलगाडी धरली. काळी माती दिसू लागली तसा पुंजाराम गाडीत पुढे सरकून बसला. गाव कोसावर आलं तेव्हा भगवंतनं धीर केला. "पुंजाराम, त्या पत्रात..."

"राहू द्या मास्तर. आता मानसंच भेटतीन."

वेशीबाहेरच्या पारावर खुशालराव पाटील बसले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "कोन रे बावा?"

"वयखलं नाही, पाटील? पुंजाराम."

पाटलांचा हात खाली आला. "तुले येऊ नको म्हनून लिवलं होतं ना म्या?"

"मस्करी नका करू." पुंजाराम हसत हसत मेणकापड सोडू लागला. "हे पाहा ना, तुमचीच चिठ्ठी."

पाटलांनी कागद उलगडला. अक्षर त्यांचंच. त्यांनी शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, दम न घेता, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "हे वेस वलांडशीन तं तिचा संसार मोडते, गड्या. पंच तिले वायीत टाकतीन. लेकरायचं नाव काय राहीन?"

"कोनतं घर?"

पाटलांनी बोट दाखवलं. वेशीतून एक आंगण दिसत होतं. तिथे एक बाई वाळत घातलेल्या तुरीवरच्या कोंबड्या हाकत होती. तिनं वर पाहिलं नाही. पुंजाराम उभा राहून पाहत होता, कोंबड्या दोनदा पांगून परत येईपर्यंत.

मग त्यानं पाटलांच्या हातून पत्र घेतलं, चार पावलं मागे सरला आणि फाडलं. आडवं, मग उभं.

"मास्तर," तो म्हणाला, "हे तुमी तिथंच कराले पायजे होतं."

वेशीजवळच्या नाल्याला गुडघाभर पाणी होतं. तो धोतरानिशी त्यात बसला आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी घेऊ लागला. स्वतःचं सुतक त्यानं स्वतःच फेडलं. ओल्या अंगानं बाहेर आला आणि गाडीकडे न बघता बडनेऱ्याच्या वाटेला लागला. भगवंत मागून चालत राहिला, दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. ते कमी करायची त्याची छाती झाली नाही.