सात नंबरचं मशीन

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. कार्यालयात इंटरनेट आलं, तशी बाहेरची घुसखोरी अडवणारी फायरवॉलही आली. तिच्या मशीनला माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि फायरवॉल चालू आहे की बंद, ते वाचायचं. संगणक थोडाफार कळतो म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

उत्तर पहिल्याच ओळीत मिळे. त्याखाली कार्यालयातलं कोणतं मशीन बाहेर कोणत्या साइटला जोडलंय, त्याची यादी येई. ती वाचणं माझं काम नव्हतं. मी वाचत असे.

एका दुपारी सात नंबरचं मशीन नोकऱ्यांच्या साइटवर दिसलं. तिथं नेसरीची एक मुलगी बसे. नवी उपसंपादक, प्रोबेशनवर. कायम करण्याची पत्रं त्याच आठवड्यात निघायची होती.

चहाच्या गाड्यावर मी वृत्तसंपादकांना म्हणालो, "नेसरीकर बाई निघाल्या की पुण्याला. नोकरी हुडकायला लागल्यात."

"कुणी सांगितलं?"

"फायरवॉलनं."

ते हसले. "मग जाऊ दे की. कायम करून कशाला अडवायचं?"

मीही हसलो.

तिला पत्र मिळालं नाही. "माझं काय चुकलं, सर?" तिनं मला विचारलं. वरचा निर्णय आहे, असं मी सांगितलं.

बातमी दोन ठिकाणी पडताळायची, हे तिला मीच शिकवलं होतं. ही मी एकाही ठिकाणी पडताळली नव्हती.

ती जाऊन चार दिवस झाले. दुपारी कमांड दिली तेव्हा सात नंबर पुन्हा त्याच साइटवर होता. उठून पाहिलं. तिच्या खुर्चीत क्रीडा वार्ताहर बसला होता.

"जेवणाच्या सुट्टीत रोज हितंच असतोय की मी," तो म्हणाला. हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. मलाही होतं.

छापण्यात चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी आम्ही चौकटीत दुरुस्ती देत असू. ही दुरुस्ती मी दिली नाही. वृत्तसंपादकांसमोर खोटा पडलो असतो, एवढंच कारण होतं.

महिन्याभरानं ती अनुभवाचा दाखला न्यायला आली. तिची जागा अजून रिकामी होती. वृत्तसंपादक केबिनमध्ये एकटेच होते. मी आत गेलो, दाखल्यावर सही घेतली आणि बाहेर आलो.

"तुम्ही होता म्हणून लगेच झालं, सर," ती म्हणाली. "न्हायतर दिवसभर बसवून घेतलं असतं."

मी विचारलं, "नेसरीची एसटी किती वाजता हाय?"