आकाशातून लीक न बघण्याची शपथ

आमच्या स्कार्थोपचा लान्स ट्वेडल पोलिसांच्या हेलिकॉप्टरात बसायचा, पण गावाने त्याला त्याबद्दल कधी मान दिला नाही. आमच्याकडे मान दोघांनाच. ज्याचा लीक यंदा सगळ्यांत जाड त्याला, आणि गेल्या वर्षी ज्याचा होता त्याला. बाकीचे आपले डॉक्टर, पाद्री, पोलीस वगैरे.

कोळशाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा गावात दोनच गोष्टी उरल्या, क्लब आणि रेल्वेच्या बांधाखालचे भाजीचे मळे. सप्टेंबरात क्लबात लीकचं प्रदर्शन भरतं. कांद्याची ही पातवाली बहीण माणसाच्या दंडाएवढी जाड करायची, धुऊन पुसून टेबलावर मांडायची आणि पंच टेप लावत असताना श्वास रोखून उभं राहायचं. माझ्या तरुणपणी पहिलं बक्षीस सोफासेट असायचा. आता चषक देतात. चषकावर बसता येत नाही, तरी माणसं त्यासाठी जीव टाकतात. खतात काय घालतो ते कुणी सख्ख्या भावाला सांगत नाही. एक जण बियरचा गाळ घालायचा. दुसरा काय घालायचा ते त्याच्यासोबत थडग्यात गेलं.

लान्सचा बाप दोनदा जिंकलेला. लान्स मात्र दरवर्षी चौथा. बायको म्हणायची, "आमच्या घरात चार हा आकडा नको वाटायला लागलाय."

लान्स हेलिकॉप्टरात गेला तो अंगकाठीमुळे. तिथे माणसाचं वजन वाढलं की तेवढं इंधन कमी घ्यावं लागतं, म्हणून हुशारीच्या आधी वजन बघतात. त्या वेळी लान्स म्हणजे ओटची काडी. पुढे बायकोच्या हातचं हॅम आणि वाटाण्याचं घट्ट वरण अंगी लागलं, तेव्हा तो वजनाच्या दिवशी खिशातली किल्लीसुद्धा घरी ठेवून जायचा आणि परत आल्यावर दाराबाहेर बसायचा.

तेव्हा जिल्ह्याचं स्वतःचं हेलिकॉप्टर होतं. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानामागे उभं असायचं. नाव ठेवायला शाळेतल्या मुलांची स्पर्धा लावली, मुलांनी शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईचं नाव दिलं, मेबल. मेबल रात्री गावावरून गेली की लोक तक्रार करायचे, झोपमोड होते म्हणून. मग वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिल्ह्याजिल्ह्याने वेगळं हेलिकॉप्टर पोसण्यात अर्थ नाही, साऱ्या देशाची एकच सेवा करू. सगळी हेलिकॉप्टरं एका रंगाची झाली. मेबलचं नाव पुसून तिथे आकडा आला, आणि एक एक तळ बंद होत लान्सचा तळ दोन डोंगर पलीकडे गेला. हेलिकॉप्टर यायला उशीर होऊ लागला, तसे तेच लोक तक्रार करू लागले की हल्ली झोपमोड होत नाही. चोरांची मात्र सोय झाली. पळायच्या आधी चहा घेता यायला लागला.

या हेलिकॉप्टराला उष्णता बघणारा कॅमेरा आहे. काळोखात गरम वस्तू पांढरी दिसते. एका थंडीत लान्सला वरून कुठल्याशा मळ्यातली एक खोपटी चुलीसारखी लख्ख दिसली. आत दिवे लावून गांजा पिकवणारे असेच सापडतात, म्हणून त्याने खाली कळवलं. पोलिसांनी दार फोडलं. आत स्टोव्ह लावून, गोधड्या पांघरून बसलेले सेप्टिमस ऑर्डचे लीक. आकाशातून लान्सला स्वतःचं गावच ओळखू आलं नव्हतं.

हा सेप आमच्या लीक क्लबाचा अध्यक्ष. फुटक्या दारातून वारा आला, रोपं गारठली आणि सेप त्या वर्षी नववा आला. अध्यक्ष नववा! क्लबाची तातडीची सभा झाली. सेपचं म्हणणं, ट्वेडल सरकारी खर्चाने वरून सगळ्यांची शेती बघतो, ही बरोबरीची लढत नव्हे. कुणी विचारलं, मग तो दरवर्षी चौथा कसा? सेप म्हणाला, संशय येऊ नये म्हणून. शेवटी लान्सने चषकावर हात ठेवून शपथ घेतली की मळ्यांवर आलो की कॅमेरा फिरवीन. एकदा जरी मळे बघितले तर जन्मभर प्रदर्शनातून नाव कमी. एवढ्यावर सेपचं समाधान होईना. त्याने खोपटी पाडून काचघर बांधलं, आतून सगळीकडे चकचकीत चांदीचा कागद ठोकला आणि रोपांना उजेडासाठी दिवे लावले.

आणि यंदा लान्सचे लीक असे आले, असे आले की मी शेजारचा, तरी मला कुंपणावरून बघवेना. त्याची बायको मळ्यात हळू बोलायला लागली. चषकासाठी फडताळात जागाही केली होती.

प्रदर्शनाच्या आठवड्यात सेप हरवला.

न्याहारीला आला नाही, जेवायला आला नाही. त्याची बायको डोरा काचघरापर्यंत जाऊन आली. दाराला बाहेरून कुलूप. म्हणजे आत नाही. माळरानाकडे फिरायला गेला असेल आणि पाय घसरला असेल असं ठरलं. काचघर फोडून बघावं असं कुणी म्हणालं नाही. त्या आठवड्यात दुसऱ्याच्या काचघराशी दिसलात तर रोपं कापायला आलात असंच धरतात, अगदी पोलीस असलात तरी.

दिवस कलताना हेलिकॉप्टर आलं. लान्स कॅमेऱ्याशी, चालवायला मोर्वेना नावाची पार दक्षिणेकडची बाई. माळरान बघितलं, तिथे मेंढ्या. ओढा बघितला. जुनी खाण बघितली, तिथे एक जोडपं सापडलं, ते हरवलेलं नव्हतं. आणि दर फेरीला मळे आले की लान्स इमानदारीने कॅमेरा दुसरीकडे वळवायचा.

हे मला त्यानेच पुढे सांगितलं. मोर्वेना म्हणाली, "अरे, त्या रुळांखालच्या पट्ट्यावर आलो की तू कॅमेरा का फिरवतोस?"

"तिथे बघायचं नाही मला."

"कुणी सांगितलं?"

"लीक क्लबाने."

त्या बाईने इंधनाचा काटा बघितला. मग म्हणाली, "लान्स, मी समुद्रावर, डोंगरावर, दंगलीवर उडालेय. भाजीवर उडायला बंदी पहिल्यांदाच ऐकतेय. इंधन संपत आलंय. ते म्हातारं रात्रभर बाहेर राहिलं तर जगेल का?"

लान्सला आपले लीक आठवले. फडताळातली जागा आठवली. मग डोराचा चेहरा आठवला, आणि त्याने ध्वनिक्षेपक चालू केला. आम्ही सगळे मळ्याच्या फाटकाशी जमलो होतो. आकाशातून साऱ्या गावाला ऐकू आलं:

"मी लान्स ट्वेडल बोलतोय. मी आता मळे बघतोय. क्लबाने नोंद घ्यावी."

माझ्या शेजारी क्लबाचा खजिनदार उभा होता. त्याने खरंच घड्याळ बघितलं.

खाली स्टोव्ह लावलेली सगळी काचघरं पांढरी फटक दिसत होती. मधे एकच चौकोन काळा ठिक्कर, थंडगार. चांदीचा कागद आतली ऊब बाहेर सोडत नव्हता. आत सेप आहे की नाही हे यंत्राला दिसेना, पण एवढी लपवालपवी गावात एकाच माणसाची. लान्स वरून ओरडला, "सेपच्या काचघराची मागची बाजू बघा!"

मागे एक तावदान सुटं होतं. पुढे कुलूप लावून सेप चोरासारखा मागून आत शिरायचा, आपण आत आहोत हे कुणाला कळू नये म्हणून. सकाळी शिडीवरून पडून मांडी मोडली होती. दिवसभर हाका मारत होता, पण उबेसाठी चहूकडे टांगलेल्या गोधड्यांतून आवाज बाहेर येईना. संध्याकाळी घसा थोडा मोकळा झाला, तर डोक्यावर त्यालाच शोधणाऱ्या हेलिकॉप्टरचा गडगडाट.

त्याला उचलून नेताना त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, "रोपांना धक्का नाही ना लावला?"

शुक्रवारी सभा. नियम तो नियम, खजिनदाराने वेळ वाचून दाखवली. लान्स मागच्या बाकावर, हातात टोपी. नाव कमी करायला हात वर होणार, तेवढ्यात डोरा आली. बायका त्या सभेत येत नाहीत, पण तिला अडवायला कुणी उठलं नाही.

"आमच्या म्हाताऱ्याचा निरोप आहे," ती म्हणाली. "तो म्हणतोय, त्या यंत्राला नुसता काळा चौकोन दिसला. माझा एकही लीक दिसला नाही. ट्वेडलला काढलंत तर लीक दिसला असं मान्य केल्यासारखं होईल, आणि मग माझ्या कागदाची बदनामी झालेली मी खपवून घेणार नाही."

"आणि तुझं काय म्हणणं, डोरा?" कुणीतरी विचारलं.

"माझं म्हणणं, तुम्ही सगळे गाढव आहात. पण निरोप तेवढाच आहे."

लान्सचं नाव राहिलं. शनिवारी सेपचे लीक डोराने आणले, ते धुऊन मांडायला लान्सच लागला, आणि सेप पहिला आला. लान्स दुसरा. त्याच्या बायकोने ते फडताळ पुन्हा बशांनी भरलं, पण चारचा आकडा गेला म्हणून केक केला.

आता आमच्या मळ्यात एकूण एक काचघर आतून चांदीच्या कागदाने मढलेलं आहे. वरून स्कार्थोप दिसतच नाही अशी हेलिकॉप्टरवाल्यांची तक्रार आहे म्हणे. परवा लान्सही आपल्या काचघरात कागद ठोकत होता. मी म्हटलं, बाबा, वर बसून बघणारा तूच, तू कुणापासून लपवतोस?

खिळे तोंडात धरून तो म्हणाला, "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माझ्या जागी सेपचा पुतण्या अर्ज करतोय."