‘लेट यू गो’ म्हणजे सुट्टी नव्हे

आष्ट्याच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “इंग्लंडला चालली म्हणून काय झालं? इंग्रजी लय फाडफाड येतंय तिला.” येत होतंच की! सांगलीच्या क्लासात वाक्प्रचार घोकून घेतले होते. कुत्र्यामांजरांचा पाऊस कसा पडतो ते मला तोंडपाठ होतं. लेस्टरात इतकी वर्षं काढली, अजून एकानंही तो पाडला नाही.

इथली माणसं बोलतात ते निराळंच. पोटात एक, ओठात एक आणि वर हसू. पहिल्या नोकरीत मी बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. आठवड्यानं साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. “आय ॲम अफ्रेड, वी हॅव टू लेट यू गो.” मला वाटलं, माझ्यावाचून काम अडेल म्हणून बिचारा घाबरलाय, तरी जाऊ देतोय. मी म्हटलं, “डोन्ट बी अफ्रेड, सर,” आणि वर थँक्यू. लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, “देवमाणूस हाय गं तुझा सायेब. परत जाताना त्याला आपली हळद घिऊन जा.”

शुक्रवारी ऑफिसचं कार्ड काढून घेतलं, तेव्हा उजेड पडला. तो घाबरलाही नव्हता आणि रजाही दिली नव्हती. मला नोकरीवरून काढलं होतं. नोकरीबरोबर व्हिसाही जाणार होता, आणि आबा तर गावभर सांगून बसलेले. आग लागो त्या गोडव्याला! आमच्याकडं काढायचं तर “उद्यापासनं येऊ नगंस” म्हणतात. इथं काढलेल्या माणसाकडूनच आभार मानून घेतात. इथली आपली मराठी मंडळी हे ऐकून मलाच हसली. तीही आता पोरांना ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘लेट्स सी’ म्हणतात.

धावपळ करून दुसरी नोकरी मिळवली. टिकले.

परवा आईनं फोनवर विचारलं, “दिवाळीला येतीस न्हवं?”

“बघते गं, जमवायचा नक्की प्रयत्न करते.”

ती म्हणाली, “म्हंजे न्हाई. मग न्हाई म्हण की सरळ. मी काय तुझ्या हापिसातली हाय व्हय?”

बोलले होते मराठीतच, पण ते त्या साहेबाचंच इंग्रजी होतं. घर म्हणजे आता माझ्यापुरती ती जागा, जिथं असलं बोलणं लगेच पकडतात.

“न्हाई जमत, आई,” मी म्हटलं, आणि मग कुठं मला रडू आलं.