लिंबं फुटली म्हणून दंड

माझा मुलगा दंड भरायला निघाला होता. मी भरू दिला नाही. लोकांसमोर तमाशा केलास, असं तो अजून म्हणतो, म्हणून झालं ते लिहून ठेवते. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं सांगायला ती पुरते.

मुलगा नागोयाजवळ भाड्याच्या घरात राहतो. घरासमोरची गल्ली सरकारी नाही, तिथल्याच चार घरांच्या मालकीची आहे. घरमालकाला विचारून मुलाने आपली जुनी गाडी तिथे उभी केली होती. तिचं इंजिन गेलं होतं. पुढेमागे दुरुस्त करू म्हणून त्याने नंबरप्लेटा सरकारात जमा केल्या आणि कर बंद करून घेतला. अशी गाडी खासगी जागेत नुसती उभी राहिली तर चालते. चालवली तर कर चुकवल्याचा दंड होतो.

मी तीन महिन्यांसाठी गेले होते, त्यात दसरा आला. मी म्हटलं, गाडीची पूजा करू. मुलगा म्हणाला, "आई, बंद गाडीची कसली पूजा?" माझं शिलाई मशीन वर्षभर बिघडून पडलं होतं, तेव्हाही मी त्याला हळदकुंकू लावलंच होतं. जे आजवर उपयोगी पडलं त्याला एक फूल वाहायला काय जातं?

गाडी धुतली. कुंडीतले झेंडू तोडून हार केला, बॉनेटला कुंकू लावलं. तिथे आपली लिंबं मिळाली नाहीत, म्हणून दुकानातली मोठी पिवळी आणली आणि चारही चाकांखाली एकेक ठेवलं. आता लिंबं फुटायला गाडी हलायला हवी. इंजिन नाही, मग ढकलली. मुलगा स्टिअरिंगला, मी आणि सून मागे. वीतभर सरकली, लिंबं फुटली, आम्ही पेढे खाल्ले.

पंधरवड्यात कर खात्याची नोटीस आली. सोबत फोटो होता, कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हाताऱ्याने काढून पाठवलेला. धुतलेली गाडी, ताजी फुलं आणि टायरखाली चेंगरलेली लिंबं. गाडी वापरात आहे, सबब कर आणि वर दंड.

मुलगा पांढराफटक पडला. रकमेचं त्याला काही नव्हतं. त्याने जपानात कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं, आणि कर चुकवल्याचा डाग असला की तो अर्ज फेटाळतात. म्हणून त्याला वाटलं, गुपचूप भरावं आणि माफी मागून मोकळं व्हावं.

मी म्हटलं, "भरलास की तूच कबूल केलंस, चोरून गाडी चालवली म्हणून. मग डाग पुसेल की पक्का होईल?"

"इथे असं भांडत नाहीत, आई."

"मग मी भांडते. मला कुठे इथे राहायचंय?"

त्याच्याबरोबर मी ऑफिसात गेले. टेबलापलीकडचा साहेब अतिशय नम्र. मी एक वाक्य बोलायची की मुलगा कमरेत वाकून दहा वाक्यं बोलायचा. मी त्याला विचारलं, मी म्हटलं तेच सांगतोयस की माफी मागतोयस? मग मी फोटोवर बोट ठेवून म्हटलं, "यांना सांग, ही लिंबं आम्ही मुद्दाम ठेवली. दसऱ्याला आमच्याकडे ठेवतात." साहेबाने ऐकून घेतलं. मग विचारलं, गाडी चालत नाही तर चाक लिंबावर चढलं कसं? प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, आम्ही ढकलली, या आणि बघा.

तो खरंच आला, बरोबर एक बाई घेऊन. मुलाने बॉनेट उघडलं. आत बॅटरीसुद्धा नव्हती. साहेबाने वाकून पाहिलं, काहीतरी लिहिलं, पण माझ्याकडे बघून त्याची मान हलेना. या वयाची बाई गाडी ढकलते, हे त्याला पटत नव्हतं. मी घरातून लिंबं आणली आणि चाकांखाली ठेवली. सुनेला हाक मारली. मुलगा म्हणाला, "आई, पुरे कर, सगळे बघतायत." बघतच होते. कोपऱ्यावरचा म्हाताराही दारात येऊन उभा होता. त्याने बघावं असंच मला वाटत होतं.

पदर खोचला आणि जोर लावला. पहिल्यांदा गाडी हलली नाही. मुलाने हँडब्रेकच सोडला नव्हता, बहुतेक मुद्दामच. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ब्रेक सोडला. गाडी सरकली, लिंबं फुटली, रस साहेबाच्या बुटावर उडाला. बरोबरची बाई तोंडावर हात ठेवून हसली. साहेब हसला नाही. त्याने चाकं किती सरकली ते वाकून मोजलं आणि पुन्हा फोटो काढले.

आठवडाभराने फोन आला. कर आणि दंड, दोन्ही रद्द झाले होते. पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर आधी कळवावं, असं साहेबाने सुचवलं. मुलगा फोनवरच वाकून हो हो म्हणत होता. मी म्हटलं, त्यांना सांग, दसरा दरवर्षी येतो.

गल्ली घाण झाली, अशीही त्या म्हाताऱ्याची तक्रार होती. ती खरी होती. सालं आणि चिकट रस तसाच पडला होता. मी बादली आणि खराटा घेऊन त्याच्या दारापर्यंत धुऊन काढलं. मुलाने मिठाईचा डबा नेऊन माफी मागितली. मी गेले नाही. फोटो काढायच्या आधी त्याला आमचं दार वाजवता आलं असतं.

मी परत आले, मग मुलाने अर्ज दिला. उत्तर अजून आलेलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर म्हणोत, त्यांचा देश आहे. पण माझ्या मुलाने कर चुकवला, हे कारण त्यांना लिहिता यायचं नाही.