तेल लावून तपासणीला

आज मीरा रोडच्या आमच्या घरात कोमट खोबरेल तेलाचा वास सुटला आणि मला मनूची ती तपासणी आठवली.

माझी मुलगी मनू तेव्हा चार वर्षांची होती. तिला सिकलसेल आहे. या आजारात मुलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन लहानपणीच पक्षाघात होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी डोक्याची सोनोग्राफी सांगितली होती. मोठ्या दवाखान्यात पोर नीटनेटकी दिसावी म्हणून नंदुरबारहून आलेल्या माझ्या आईने सकाळीच तिचं डोकं तेलाने चांगलं रगडून दिलं.

झालं, टेबलावर आडवी होताच मनू पेंगायला लागली. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजी, हिला झोपू देऊ नका. झोपेत रक्ताचा वेग बदलतो. हिने रडायचं नाही, बोलायचंही नाही."

कानशिलावर यंत्र टेकताच खोलीत वाहत्या रक्ताचा फुस्स, फुस्स आवाज घुमला. आई समोर उभी राहिली आणि त्या तालावर खांदे हलवत आमच्या गावचा होळीचा नाच करू लागली. मनू ओठ मिटून, टक्क डोळ्यांनी बघत राहिली.

"रक्तवाहिन्या छान मोकळ्या आहेत," मॅडम हसत म्हणाल्या. "आजी, आता थांबलात तरी चालेल."

"आत्ता कुठं रंग चढलाय, बाई!"

तेव्हा मी फक्त यंत्राच्या पडद्याकडे बघत होते. आज तो पडदा आठवत नाही, आईचे खांदे आठवतात.

आता दहावीतली मनू आजीच्या डोक्याला तेल लावतेय. आजीची मान कलंडली, तशी मनू उठून समोर आली.

"आजी, झोपायचं नाही हं!" म्हणाली, आणि खांदे हलवायला लागली.