घरची बिअर

शूटिंगचा शॉट लागला की जवाईबापू ग्लास उजेडाकडे धरायचे, मग नाकाशी न्यायचे आणि मला विचारायचे, "घरचीच हाये ना?" मी "हो" म्हटल्याशिवाय त्यांनी कधी ग्लास तोंडाला लावला नाही.

ते आमच्या वडनेरचे जवाई, म्हणून लहानथोर सगळेच त्यांना जवाईबापू म्हणत. बसस्टँडसमोर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. बायकोनंच त्यांना माहेरी आणलं होतं. त्यांच्या गावी पिणारे दोस्त दारातून हलत नव्हते, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की लिव्हर गेल्यात जमा आहे, पुन्हा सुरू झाली तर माझ्याकडे आणूच नका. इथं आल्यापासून त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता.

मी लग्नाचे व्हिडिओ काढणारा. सीझन संपला की वऱ्हाडी कॉमेडीचे पिक्चर करून यूट्यूबवर टाकायचो. तुम्ही इकडचे असाल तर एखादा पाहिलाही असेल. आता पिक्चर म्हटला की बिअर आलीच. दोस्ती झाली, काढा बिअर. पोरगी सोडून गेली, काढा बिअर. पब्लिक हसत नसेल तर एखाद्याच्या हातात बाटली द्या आणि त्याला नालीच्या काठानं चालायला लावा. हे माझं शास्त्र, आणि मला त्याची घमेंड होती. खाली बारीक अक्षरात आरोग्याला हानिकारक असं टाकलं की आपण मोकळे.

बेवड्याचं काम जवाईबापूंसारखं कोणालाच जमायचं नाही. ज्यानं सोडली त्याच्या अंगातून ती इतक्या सहज जात नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात कुठं शिरायला!

ताईची, म्हणजे त्यांच्या बायकोची, एकच अट होती. बिअर तिच्याच हातची पाहिजे. कोऱ्या चहाचं पातळ पाणी आणि वर रिठ्याचा फेस. रिकाम्या बाटल्याही तीच राखेनं घासायची, वास जाईपर्यंत. रिठा ओठाला लागला की जवाईबापूंचं तोंड असं वाकडं व्हायचं की पब्लिक फिदा. आम्ही ताईला म्हणायचो, आता फॅक्टरीच टाका. ती हसायची नाही. बाटल्या माझ्या हातात देताना म्हणायची, "तुह्या भरवशावर पाठवून राह्यली त्याईले, भाऊ."

त्या दिवशी ती हिवरा आश्रमला उत्सवाला गेली होती. बाटल्या भरून ठेवून गेली होती, पण गाडीतून उतरवताना माझ्याच हातून पिशवी निसटली आणि सगळ्या फुटल्या. हायवेवरचा ढाबा आम्हाला तेवढ्या दुपारपुरता मिळाला होता. शेजारीच बिअरचं दुकान. एका घोटानं कोणी मरत नाही, असं मी मनाशी म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं. थंडगार बाटली आणली आणि ग्लास भरला.

जवाईबापूंनी नेहमीसारखं विचारलं. मी कॅमेऱ्यामागूनच म्हटलं, "हो, घरचीच."

त्यांनी वास घेतला. हात तिथंच थांबला. ते माझ्याकडे पाहू लागले, आणि मी खोटं बोललो हे त्यांना कळलंय हे मलाही कळलं. तेव्हाच कट म्हणायला पाहिजे होतं. पण शॉट इतका झकास चालला होता की माझी जीभच वळली नाही. त्यांनी अख्खा ग्लास संपवला, आणि हसले.

पुढच्या शूटिंगला त्यांनी काही विचारलंच नाही. मग दुकान दुपारीच बंद दिसायला लागलं. त्यांनी शिवलेल्या माझ्या शर्टाचा एक खांदा खाली उतरला. डोळे पिवळे झाले. ताईनं बाटल्या भरणं बंद केलं. मला सगळं दिसत होतं. तिकडे तो ढाब्याचा पिक्चर जोरात चालला होता, आणि लोक खाली लिहीत होते, एकदम ओरिजनल अ‍ॅक्टिंग. दिवाळीच्या आत जवाईबापू गेले.

तेराव्यानंतर ताई माझ्या स्टुडिओत आली. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. मी कॉम्प्युटरवर शोधू लागलो, तर प्रत्येक फोटोत त्यांच्या हातात बाटली. शेवटी त्या ढाब्याचाच एक हाती लागला. बाटली कापली की नुसतं हसणारं तोंड उरत होतं. प्रिंट काढून तिच्या हातात दिली आणि मला राहवलं नाही. त्या दिवशी काय झालं ते मी सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही, मला शिवीही दिली नाही.

"म्या विचारलं होतं त्याईले, कोणं पाजली म्हून," ती म्हणाली. "म्हणे, कोणंच नाही, माह्याच मनानं घेतली. मंग मी बोललीच नाही त्याईच्यासंग, शेवटपर्यंत. पाणी मांगलं तं तांब्या जवळ ठेवला अन् बाहेर निंघून गेली."

प्रिंट तिनं टेबलावर उलटी ठेवली, पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेली.