शेंदूर लावलेलं शिसं

माझं माहेर मंडणगडकडचं, डोंगरातलं. आमच्याकडे मासा यायचा तो बाजारातून, सुकून, टोपलीत बसून. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा ताजी फडफडीत मासळी मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्यातला एक बापडा माझ्याकडेच बघतोय असं वाटून पदर तोंडाला लावला. झालं. सासूबाईंनी तेव्हाच माझं माप काढलं. वाटण मी वाटायचं, नारळ मी खवायचा, भांडी मी घासायची. पण मासळीच्या विळीला हात लावायचा नाही. शेजारणींना त्या कौतुकानं सांगायच्या, "आमची सून गुनाची हाय हो, पन डोंगरातली. माशातला तिला काय कळनार?" मला हे फार लागायचं. दुसऱ्या कुठल्या कामातून मला कोणी वगळलं असतं तर मी आनंदानं झोपले असते. ती विळी मात्र मला हवी होती. तिच्यावर बसल्याशिवाय आपण या घरच्या होणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

यजमान कचेरीत कारकून. आठवडाभर शाई आणि रविवारी समुद्र. आमच्या आळीतला एक खलाशी परदेशी बोटीवरून रजेवर आला आणि त्यानं यांच्या डोक्यात किडा सोडला. गोरे लोक म्हणे गळाला कोलंबी लावतच नाहीत. शिशाचा एक गोळा, त्याला पिसांचा झुबका, आणि तो होडीमागून ओढत न्यायचा. मोठ्या माशाला वाटतं, छोटी तारली पळाली. तो झडप घालतो आणि अडकतो.

"म्हणजे फसवणूकच की," मी म्हटलं.

"मग? इतकी वर्षं कचेरीत काय शिकलो?" यजमान म्हणाले.

गोळा ओतायला साचा लागतो. तो केला समुद्रफेसाचा. समुद्रफेस म्हणजे माकूल नावाच्या मऊ अंगाच्या समुद्री जीवाच्या पाठीतलं पांढरं, भुसभुशीत हाड. आरे-वारेच्या वाळूत वाहून आलेलं सापडतं. सासूबाईंनी औषधाला म्हणून जपून ठेवलेलं यांनी लांबवलं. ते उभं चिरून दोन फाकांच्या मधे सुपारी दाबली की नेमका सुपारीएवढा खळगा पडतो. त्यात गळाचा दांडा निजवायचा, वरून शिसं ओतायला वाट कोरायची आणि फाका तारेनं आवळायच्या. जुन्या जाळ्याच्या काठाचं शिसं काढून यांनी पळीत वितळवलं. पळी वरणाची होती हे मागाहून उघड झालं. पहिल्या खेपेला हाड आतून ओलं राहिलं होतं. शिसं तडतडून उडालं, धोतराला भोकं पडली आणि केस जळल्यासारखा वास घरभर पसरला. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, "काय गो, कोनाची दाढी पेटली?"

दोन-तीन हाडं अशीच कामी आली, आणि शेवटच्यातून एक गोळा झकास उतरला. सुरमईचे दात दोरी सहज तोडतात, म्हणून गळाच्या पुढे हातभर तार हवी. ती भजनी मंडळाच्या तंबोऱ्यातून आली. त्या आठवड्यात भजन जरा बसक्या आवाजात झालं. पिसं शेजारच्या पांढऱ्या कोंबड्यानं दिली, अर्थात खुशीनं नव्हे. पण ती बांधणं काही यजमानांना जमेना. घंगाळातल्या पाण्यात दोनदा ओढलं की झुबका सुटायचा आणि गोळा बोडका व्हायचा. शेवटी मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. अबोलीचे गजरे मी लहानपणापासून बांधत आलेली. पिसांची मुळं एकावर एक बसवत, मेण लावलेल्या दोऱ्याचा प्रत्येक फास आधीच्या फासाला भिडवून ओढत गेले. घंगाळात फिरवून पाहिला तर पिसं मिटत होती, उघडत होती, अगदी जीव असल्यासारखी. आम्ही दोघं वेड्यासारखी हसत सुटलो. सासूबाई दारात उभ्या होत्या.

नवरात्र सुरू झालं आणि घरात मासळी बंद झाली. खंडेनवमीला हत्यारं देवापुढे मांडली: कोयता, विळ्या, यजमानांचा टाक, आणि शेजारी हा पिसांचा गोळा. हत्यारांना हळदकुंकू वाहायचं, एवढीच रीत. पण सासूबाईंनी पुढचा विचार केला. हा समुद्रात जाणार, कुंकू पाण्यात टिकणार कसं? म्हणून त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि पिसं सांभाळून शिशाला चांगला जाड लेप दिला. मुलाची काळजी, दुसरं काय. दसरा झाला, पुढचा रविवार उजाडला. यजमानांनी गोळा उचलून पिशवीत टाकला. पिशवीत वहाणा होत्या.

"मेल्या, देव हाय तो!" सासूबाई किंचाळल्या. "वहानांत टाकतोस?"

"आये, गळ आहे गं तो."

"शेंदूर लागला का देव झाला. आता त्याला माशाच्या तोंडात टाकनार तू?"

यजमान शेंदूर पुसायला निघाले, तर ते त्याहून भयंकर. देव कुणी पुसतं का? सासूबाईंचा चेहरा रडवेला झाला, कारण देव करून बसल्या होत्या त्या स्वतःच, आणि आता त्यांनाही तो मोडता येईना. दुसरा गोळा ओतावा तर घरात समुद्रफेसाचा चुरासुद्धा उरला नव्हता. यजमान एकदा आईकडे, एकदा ओहोटीच्या वेळेकडे बघत राहिले. मला राहवेना. मी म्हटलं, "शिमग्यात देव पालखीत बसून घरोघर फिरतात ना? याला होडीतून फिरवून आणू दे."

पालखीपुढे रत्नागिरीत कोण काय बोलणार? सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आधी समुद्राला नारळ दे. नि वहाना हितंच ठेव."

दिवसभर मी आतबाहेर करत होते. मासा लागला नाही तर दोष कुणाच्या बांधणीला जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुपार कलली आणि यजमान आले ते अनवाणी, हातात मांडीएवढी सुरमई घेऊन. तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात शेंदरी डोकं तसंच रुतलेलं होतं. मागून होडीवाला मित्र सांगत आला, "वैनी, माज्या कोलंबीला कुत्रा इचारी ना! शेंदरावर उडी मारलीन हिनं!"

सासूबाईंनी गोळा हळूच सोडवला, धुतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग त्या सुरमईभोवती फिरू लागल्या. देवानं धरलेला मासा, त्याच्यावर विळी चालवायची कशी?

"प्रसाद समज," यजमान सुरमईवरची नजर न काढता म्हणाले.

"सुरमईचा परसाद? जीभ झडंल तुजी."

आणखी एक फेरी झाली. मग त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"पिसं कोनी बांधली?"

"मी."

"मग तूच काप. तुजा मासा हाय तो."

पाप लागलंच तर डोंगरातल्या सुनेला लागू दे, असाही हिशेब त्यात असेल. असू दे. मी पदर खोचला आणि विळीवर बसले. बसल्यावर लक्षात आलं की पुढचं आपल्याला काहीच येत नाही. मासा दोनदा हातातून निसटला. यजमान हसले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना बाहेर घालवलं, माझ्या शेजारी टेकल्या आणि माझ्या हातांवर आपले हात ठेवले.

"पोटाशी नाय धरायचा गो. पाठ पात्याला लाव. अंगठा आत."

पहिली तुकडी वाकडी निघाली, एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला कागदासारखी. मी ती सुरमईखाली लपवायला गेले. सासूबाईंनी ती काढून घेतली, वेगळ्या ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "ही माज्या पानात वाढ."

मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते, आणि पुढे अख्खी सुरमई कापायची होती.